लोकरचौकातला सावलीचा बाक

कोपनहेगन, ९ एप्रिल १९८४

प्रिय ट्यूरा आत्या,

बातमी ऐक आणि आधी बस. तुमच्या नोरहाउनच्या नगरपालिकेने लोकरचौक सुधारायचं काम आमच्या ऑफिसला दिलंय, आणि आमच्या प्रेबेनसाहेबांनी ते माझ्याकडे सोपवलंय. माझ्या एकटीच्या नावावरचा हा पहिला चौक. आणि तोही तुझ्या खिडकीखालचा!

आमची पद्धत तुला विचित्र वाटेल. आम्ही आधी काही बांधत नाही. आधी नुसतं बघतो. माणसं कुठून चालतात, कुठे थबकतात, कुठे बसतात, तोंड कुठल्या दिशेला करतात. मग उन्हाळाभर बाक, कुंड्या इकडेतिकडे हलवून बघायचं. जमलं तर पुढच्या वर्षी दगड बसवायचा, नाही जमलं तर बाक पुन्हा उचलायचे.

अडचण एवढीच की मला तिथे सारखं येता येणार नाही. म्हणून विनंती. तू तीस वर्षं त्या चौकात बटणांचं दुकान चालवलंस, आता तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी बसतेस. माझे डोळे होशील का? मात्र मत लिहायचं नाही हं. फक्त दिसेल ते लिहायचं. पहिला प्रश्न असा: लहानपणी मी यायचे तेव्हाही चौकाच्या मधोमध कुणी उभं राहायचं नाही. का?

मेअखेर नगरपालिकेला सांगायचंय की या उन्हाळ्यात काय हलवायचं.

तुझी,
विबेके

·

नोरहाउन, १४ एप्रिल

लाडके विबेके,

मत लिहायचं नाही म्हणे! बहात्तर वर्षांच्या बाईला हे सांगतेस? मासे पाण्यात ठेवायचे आणि भिजू नका म्हणायचं.

तरी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. मधोमध कुणी उभं राहत नाही, कारण बंदरावरून येणारा वारा तिथेच सापडतो माणसाला. सगळे भिंतीभिंतीने जातात. लोहाराच्या दुकानासमोर ऊन पडतं, तिथे बसायला बाक नाही, तर लोक पायरीवर, खिडकीच्या कट्ट्यावर, एक बाई तर काल फुलांच्या कुंडीच्या काठावर बसली होती. चेहरा उन्हाकडे आणि डोळे मिटलेले. आपल्या लोकांना एप्रिलातलं ऊन म्हणजे फुकटचं जेवण.

आता मत. बेकरीशेजारी लिंडेनच्या मोठ्या झाडाखाली सावलीत एक बाक आहे. तो बाक म्हणजे एगॉन आणि त्याच्या टोळक्याची गादी. जहाजांचा कारखाना बंद पडल्यापासून हे बाप्ये सकाळी नऊला हिरव्या बाटल्या घेऊन बसतात. हसण्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात येतो. गेल्या वर्षी आम्ही शेजाऱ्यांनी नगरपालिकेला तक्रार लिहिली, पहिली सही माझी. अजून बाक तिथेच.

आणि मी हे माझ्यासाठी बोलत नाही. बेकरीत डोर्ते नावाची पोरगी काम करते. गोड आहे, पण नशीब फुटकं. मूल झालं आणि मुलाचा बाप गेला स्वीडनला. पाळणाघरात जागा नाही, नवीन वर्षापर्यंत मिळणारही नाही. म्हणून ती सकाळी टोबियसला बाबागाडीत गुंडाळून बेकरीच्या खिडकीबाहेर झोपवते आणि आत पाव विकते. तुझा बापही तान्हा असताना त्याच खिडकीखाली झोपायचा, गाडीच्या हुडावर बर्फ साचायचा. पण तेव्हा शेजारी दारुडे नव्हते बसत. ती नोकरी गेली तर त्या पोरीकडे काही उरत नाही. म्हणून म्हणते, चौकाचं काय करायचं ते कर, पण तो बाक तेवढा हलव. त्या लेकराच्या उशाशी बाटल्या नकोत.

आत्या

·

कोपनहेगन, ३ मे

प्रिय आत्या,

तुझ्या माशांच्या वड्यांनी माझं वजन वाढलं आणि तुझ्या पत्रांनी काम. दोन्हींबद्दल आभार.

एप्रिलअखेर तुझ्याकडे राहून मी आणि ऑफिसातल्या पोरींनी चौकातली माणसं मोजली, त्यातल्या गमती सांगते. माणसं पेपर उघडतात आणि पेपरावरून दुसऱ्यांना बघतात. एकजण थांबला की त्याच्याजवळ दुसरा थांबतो, रिकाम्या जागी कुणी जात नाही. अनोळखी दोघं एका बाकावर बसली तर मधे पिशवी ठेवतात, आणि एक उठला की उरलेला लगेच मधे सरकतो, जणू इतका वेळ श्वास धरून बसला होता. मला वाटतं मी आयुष्यभर हेच बघत बसेन.

आता आमचा बेत. अर्धा चौक मोटारींना बंद. सगळे बाक, एगॉनचासुद्धा, उचलून लोहाराच्या समोर उन्हात. मोजणीच्या तक्त्यात झाडाखालच्या सावलीच्या कोपऱ्यापुढे मी काय लिहिलंय बघ: "बसलेले: तेच ते पुरुष, बिअर. इतर वापर नाही." एक मात्र आहे. ‘उभी चाकं’ म्हणून आमचा एक रकाना असतो, सायकली, हातगाड्या, बाबागाड्या सगळं त्यात येतं. तो रकाना बेकरीपाशी सकाळी अगदी भरलेला. म्हणून बाकाच्या जागी आपण सायकलींसाठी कठडे लावतोय. साहेब म्हणाले, "छान! लोकांना जे हवंय तेच द्यायचं."

तुझी इच्छा पुरी झाली बघ. डोर्तेला सांग.

विबेके

·

नोरहाउन, २७ जून

लाडके विबेके,

मिडसमरची होळी झाली, चेटकिणीचा पुतळा जाळला, आता उन्हाळा खरा. तुझा चौक ओळखू येत नाही. मोटारी गेल्या. दुपारी उन्हातल्या बाकांवर टेकायला जागा नसते. आइस्क्रीमवाल्याने दुसरी गाडी आणली. काल लोहार स्वतः बाहेर येऊन बसला, जो गेली वीस वर्षं ग्राहकाशीसुद्धा बसून बोलला नाही. लोक विचारतात, हे कुणी केलं? मी म्हणते, माझ्या भाचीने. अगदी मान ताठ करून म्हणते.

एगॉनचं टोळकं एक दिवस उन्हात बसलं, मग दिसेनासं झालं. बरं झालं म्हटलं.

पण तू दिसेल ते लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. काहीतरी नाहीसं झालंय आणि काय ते माझ्या लक्षात येत नाही. दुपारी जत्रा असते, पण सकाळ मुकी झालीय. बेकरीसमोर पूर्वी बायका उभ्या राहून बोलत असायच्या, त्या आता पाव घेतात आणि लगबगीने निघतात. आज मी खाली गेले तर डोर्ते नव्हती. मालक स्वतः काउंटरवर, हाताला पीठ आणि तोंड लिंबू पिळल्यासारखं. "डोर्ते कुठाय?" विचारलं तर म्हणाला, "अर्धाच दिवस येते. मूल घेऊन काम होतं होय?" आणि माझे सुटे पैसे आपटले.

तुझे सायकलींचे कठडे फार देखणे आहेत. त्यांना कुणी सायकल लावत नाही.

आत्या

·

कोपनहेगन, ८ जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी नव्या मोजणीचे तक्ते मांडून बसले होते. बसणारे दुप्पट झालेत. साहेबांनी सगळ्यांना केक आणला. पण सायकलींचे कठडे रिकामे, हे तू लिहिलंस आणि तेच माझ्याही कागदावर होतं. ‘उभी चाकं’ हा रकाना बेकरीपाशी पार ओस पडलाय. इतक्या सायकली गेल्या कुठे?

म्हणून मी एप्रिलमध्ये काढलेले फोटो बाहेर काढले, भिंगाखाली धरले. आत्या, त्या सायकली नव्हत्याच. एखाददुसरी सोडली तर सगळ्या बाबागाड्या होत्या. आणि प्रत्येकीत एक झोपलेलं मूल. बसलेला म्हातारा आम्ही माणूस म्हणून मोजला, त्याचा कुत्रासुद्धा शेऱ्यात लिहिला, आणि मुलांना चाकांच्या रकान्यात टाकलं! ऑफिसात कुणालाच हे खटकलं नव्हतं. आपल्याकडे दुकानाबाहेर झोपलेलं मूल इतकं रोजचं, की ते दिसतच नाही. त्या चौकात सकाळी सगळ्यात जास्त वेळ राहणारी माणसं तीच होती.

मग ती का गेली? मोटारी कमी झाल्या, हवा सुधारली, म्हणजे मुलं वाढायला हवी होती. आइस्क्रीमच्या गाडीचा आवाज? कठड्यांमुळे जागा उरली नाही? माझ्या डोक्याचा भुगा झालाय. तू खाली जाऊन डोर्तेलाच विचार ना. खिडकीतून नको. तिसऱ्या मजल्यावरून बघणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, आणि मी तर कोपनहेगनहून हाकतेय.

विबेके

·

नोरहाउन, १६ जुलै

विबेके,

गेले. बेकरीमागच्या गल्लीत राहते ती, एका खोलीत. माझ्यासाठी दार उघडलं पण आत या म्हणाली नाही. टोबियस कडेवर रडत होता.

मी म्हटलं, "अगं, तो बाक गेला, टोळकं गेलं, आता तर निवांत झोपेल की बाहेर."

माझ्याकडे ती बघतच राहिली. म्हणाली, "कुणाच्या भरवशावर?"

"म्हणजे?"

"मी आत पाव बांधत असते. दर मिनिटाला बाहेर बघता येतं का? एगॉन होता ना. टोबियस कुरकुरला की गाडी हलवायचा. उठलाच तर काचेवर टकटक करायचा. पाऊस आला की हूड वर. माझ्याच नाही, सगळ्यांच्या. फार्मसीतल्या बाईची जुळी तर त्याच्या आवाजाशिवाय झोपायची नाहीत."

"तो पितो," मी म्हटलं.

"पितो की. एक बाटली दुपारपर्यंत पुरवून पितो. तुम्ही कधी जवळ येऊन बघितलंत?"

नव्हतं बघितलं. मला वरून त्यांच्या टोप्या दिसायच्या, पाठी दिसायच्या, बाटल्या दिसायच्या. झाडाच्या पानांखाली त्यांचा पाय बाबागाडीच्या चाकावर असायचा, तो नाही दिसायचा. कुणी त्याला सांगितलं नव्हतं, कुणी त्याचे आभार मानले नव्हते. तो बसत होता आणि मुलं झोपत होती, एवढंच. आता तिथे तुझे लोखंडी कठडे आहेत, आणि परक्या कठड्यांच्या भरवशावर कोण लेकरू ठेवतं?

पुढचं ऐक. मालकाने तिला एक सप्टेंबरपर्यंतची मुदत दिलीय. पूर्ण दिवस येता आलं तर ठीक, नाहीतर दुसरी मुलगी बघणार. जिच्या भल्यासाठी मी सही केली, तिचीच नोकरी मी घालवतेय. शहाणपणा नडला मला. रात्री जेवले नाही. तू काहीतरी कर.

आत्या

·

कोपनहेगन, २५ जुलै

प्रिय आत्या,

तू एकटीने सगळं अंगावर घेऊ नकोस. तू फक्त सही केलीस, बाक मी उचलला.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. म्हणाले, "म्हणजे नगरपालिकेला पैसे घेऊन आपण सांगायचं की बिअर पिणारे परत आणा?" मी म्हटलं, हो, तसंच सांगायचं. ते म्हणाले, "मग तुझ्या नावाने जाऊ दे. कौतुकाचे कागद माझ्या नावाने गेलेत." मग माझ्या नावाने गेलं. त्यात मी सरळ लिहिलं की सावलीचा कोपरा मी वाया गेलेला समजले, ती माझी चूक. मुलांना उन्हात झोपवत नाहीत, हे कळायला मला दोन महिने लागले. वाऱ्याचा आडोसा, सावली, दुकानाची काच आणि शेजारी बसलेलं माणूस, हे चारही त्या एकाच ठिकाणी जमत होतं.

नगरपालिकेतल्या बाईंनी फोनवर माझ्याकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "माझीही दोन्ही मुलं तिथेच झोपलीत." ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाक जागेवर परत येतोय. कठडे निघणार. आता काळजी सोड आणि जेव.

विबेके

·

नोरहाउन, १४ ऑगस्ट

लाडके विबेके,

बाक आला. त्याच जागी, तोच बाक, नवा रंग देऊन. आणि आठवडा झाला, रिकामा आहे. तूच म्हणालीस ना, रिकाम्या जागी कुणी जात नाही. डोर्ते काचेतून बघते आणि नजर फिरवते. नुसतं लाकूड थोडंच रडणाऱ्या पोराला हलवणार?

म्हणून मी एगॉनला शोधायला गेले. स्टेशनमागे मालाची जुनी शेड आहे, तिथे बसतात आता. मी चांगला कोट घातला होता, ते चुकलंच. मला बघून एकाने बाटली पाठीमागे लपवली, जणू मी मास्तरीण.

"एगॉन, बाक परत आलाय," मी म्हटलं.

"दिसला. रंग चांगला दिलाय."

"मग या की तुम्ही."

"कोण बोलावतंय? नगरपालिका?"

"मी बोलावतेय."

तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुमचं अक्षर फार सुरेख आहे. नगरपालिकेच्या माणसाने कागद दाखवला होता आम्हाला. सगळ्यात वर तुमची सही. मी माझ्या बायकोच्या कोटाची बटणं तुमच्याच दुकानातून न्यायचो. तुम्हाला नाव ठाऊक होतं माझं. एकदा खाली येऊन बोलायचंत."

मी म्हटलं, "चुकले. माफ करा." आयुष्यात हे वाक्य मी फार वेळा म्हटलेलं नाही, तुला माहीत आहे.

"केलं," तो म्हणाला. "पण येणार नाही. इथे डोक्यावर छप्पर आहे आणि वरून कुणी बघत नाही. एप्रिलात त्या ऑफिसातल्या पोरीही कागद घेऊन आम्हाला मोजत होत्या. माणसाला कितीदा मोजायचं?"

हे तुला लिहायचं नव्हतं, पण दिसेल ते लिहायचं ठरलंय आपलं.

मी निघाले तेव्हा मागून म्हणाला, "टोबियस कसा आहे?"

"रडतो."

"दात येत असतील. तुम्हीच का नाही बसत तिथे? हात दांडीला लावायचा नाही, तो जागा होतो. पाय चाकावर ठेवायचा आणि हळू."

टोळकं हसलं. तो हसला नाही.

आत्या

·

कोपनहेगन, १९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

ते मोजण्याचं वाक्य मी तीनदा वाचलं. राग नाही आला. लाज वाटली.

बाक कुठे ठेवायचा हे मी शिकलेय. त्यावर कोण बसेल हे कुठल्या तक्त्यातून काढायचं ते मला ठाऊक नाही. साहेबांना विचारलं तर म्हणाले, तो आपला विषय नाही. मग तो कुणाचा विषय आहे? एक सप्टेंबर जवळ आलाय. डोर्तेचं काय होणार, हे मला झोपताना आठवतं.

आत्या, तू बसलीस का गं?

विबेके

·

नोरहाउन, ३० ऑगस्ट, बेकरीशेजारचा बाक

लाडके विबेके,

बसले. तुझं पत्र यायच्या आधीपासूनच बसतेय, पण सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

पहिल्या दिवशी उशी घेऊन खाली आले. लोकांनी पाहिलं. लोहार मुद्दाम पलीकडून आला आणि म्हणाला, "ट्यूरा, बाटली विसरलीस वाटतं घरी!" मी म्हटलं, "तू आण." डोर्तेने काचेतून पाहिलं आणि पाव बांधत राहिली. टोबियसला तिने मागच्या गल्लीत शेजारणीकडे ठेवलं होतं, ती शेजारीण या महिन्यानंतर नाही म्हणतेय. मी दुपारपर्यंत बसले. पाठ मोडली. बाबागाडी एकही नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस, छत्री घेऊन बसले. मला वाटलं होतं की मी बसले म्हणजे झालं. पण तिने माझ्यावर का विश्वास ठेवावा? तिच्या मुलाजवळचं माणूस मीच घालवलं होतं. मी आत जाऊन काही म्हटलं नाही. रोज दिसत राहणं तेवढं हातात होतं.

बसल्यावर एक कळलं. इथून चौक वेगळाच दिसतो. कुणाचे बूट फाटलेत, कोण बेकरीत शिरण्याआधी पैसे चाचपतो, फार्मसीतली बाई जाताना कशी हळूच इकडे बघते. तीस वर्षं मी काउंटरमागे होते, दहा वर्षं खिडकीत. बाहेर अशी पहिल्यांदा बसलेय.

परवा फार्मसीतल्या बाईने जुळी आणून ठेवली. ब्रेक लावला आणि गेली. एक उठला. मी पाय चाकावर ठेवला. हळू. झोपला, विबेके! मला इतका आनंद झाला की बाकाचा काठ घट्ट धरून ठेवावा लागला.

आज सकाळी बेकरीचं दार उघडलं आणि डोर्ते पाठमोरी बाहेर आली, बाबागाडी ओढत. माझ्यापासून हातभर अंतरावर लावली. मला वाटलं आता बोलेल, जाब विचारेल. ती म्हणाली, "आज पूर्ण दिवस आहे माझा. उठला तर काचेवर टकटक करा. आणि उन्हात नका सरकवू."

"नाही सरकवणार," मी म्हटलं.

ती आत गेली. मालकाला काहीतरी म्हणाली, तो मान डोलावताना दिसला. मग तिने काचेतून एकदा बघितलं, आणि नंतर किती तरी वेळ बघितलं नाही. गिऱ्हाईकाशी हसून बोलत राहिली. तिने बघितलं नाही, याचं मला काय वाटलं ते सांगता येत नाही.

अजून पुष्कळ लिहायचं होतं, पण इथे बसून लिहिणं बरोबर नाही. लिहायचं म्हणजे मान खाली घालावी लागते, आणि मग पोराकडे कोण बघणार?

आत्या